आजी अजून बोलल्या नाहीत

मार्कंड्याच्या घाटावर उभं राहिलं तर वैनगंगा वळली आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. पाणी नेहमीसारखंच संथ वाहत असतं. ही नदी दक्षिणेकडे निघालेली. पुढे तिला वर्धा मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. पण चामोर्शी तालुक्यातल्या या जागी ती काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी म्हणून हे तीर्थ, म्हणून ही विदर्भाची काशी आणि म्हणूनच महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. सूर्य कुठे आहे ते पाहून दिशा जुळवली की मग वळण लक्षात येतं, नाही तर कुणी तरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. मला वडिलांनी सांगितलं. आम्ही ख्रिस्ती, पण जत्रेच्या दिवसांत शेजाऱ्यांबरोबर आम्हीही जायचो. देवळाच्या भिंतींवरची शिल्पं मान वर करून पाहायची, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि संध्याकाळी फुटाण्यांची पुडी घेऊन परतायचं.

ते वळण आता आठवायला कारण झालं ते आमच्या मंडळीतलं एक मतदान.

आमची मंडळी लहान. उपासना मराठीत, गाणी ‘उपासना संगीत’मधली, पेटी आणि ढोलकीवर. गेल्या काही वर्षांत सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी काही घरं नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आमच्या गावात आली आणि आमच्यातच येऊन बसू लागली. त्यांनी एक मागणी केली: महिन्यातून एका रविवारी उपासना तेलुगूत व्हावी. मागणी समितीपुढे आली, मग सगळ्या मंडळीपुढे. सभेच्या सुरुवातीला मिनिटभर प्रार्थना झाली. चर्चा झाली, आवाज चढले, शेवटी हात वर करायला सांगितलं. मराठी हात जास्त होते, त्यामुळे मागणी फेटाळली गेली. पुन्हा प्रार्थना झाली आणि मार्गदर्शनाबद्दल देवाचे आभार मानले. त्या सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होतो, आणि मीही ‘आमेन’ म्हटलं.

दोन रविवारांनी डावीकडचे तीन बाक रिकामे दिसले. त्या संध्याकाळी आमचे खजिनदार घरी आले, चहा घेतला आणि बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “आपण त्या दिवशी देवाला विचारलं होतं, का फक्त हात मोजले होते?”

मंडळीने देवाचं मार्गदर्शन शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न तिथून माझ्या मागे लागला. एकट्या माणसाचं मला समजतं. गुडघे टेकावेत, शास्त्र उघडावं, मन शांत करावं आणि अंतःकरणात जे उमटेल ते तपासून पाहावं. पण चाळीस-पन्नास माणसांनी मिळून ऐकायचं कसं? प्रत्येकाच्या मनात वेगळं उमटलं तर खरं कुणाचं? पाळकाचं, वडील मंडळींचं, की ज्यांची संख्या जास्त त्यांचं?

नव्या करारात मंडळीसाठी जो ग्रीक शब्द आहे तो ‘एक्लेसिया’. तो मुळात देवळातला शब्दच नव्हे. अथेन्ससारख्या नगरांत नागरिकांची जी सभा भरायची, तिला एक्लेसिया म्हणत. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःसाठी निवडलेला शब्द जमून विचार करणाऱ्या, ठरवणाऱ्या लोकांचा आहे. मात्र नगराच्या सभेचा मालक नगर होतं, आणि या सभेचा मालक ख्रिस्त आहे. सारी अडचण आणि सारी आशा या एका फरकात आहे. आपल्याला काय हवं हे मोजायला आपण जमत नाही. त्याला काय हवं हे कळावं म्हणून जमतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक मी पुन्हा वाचायला घेतलं, आणि या एकाच प्रश्नासाठी वाचलं तेव्हा ते वेगळंच दिसलं. पहिल्याच अध्यायात यहूदाच्या जागी कुणाला घ्यायचं म्हणून चिठ्ठ्या टाकतात आणि मत्थियाचं नाव निघतं. जुन्या करारापासून चालत आलेली ही रीत. पण दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो आणि त्यानंतर त्या पुस्तकात पुन्हा कधीही चिठ्ठ्या पडत नाहीत. देवाने जणू सोपी वाट बंद केली. चिठ्ठीला एकमेकांचं ऐकावं लागत नाही. आत्म्याने चालायचं असेल तर ऐकावंच लागतं.

आणि सहावा अध्याय! तो मी आयुष्यभर वाचत आलो होतो, पण आमच्या रिकाम्या बाकांनंतर तो वाचवेना. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू होते की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. भाषेवरून फूट पडलेली ती पहिली मंडळी. प्रेषित काय करतात? कुरकुर दाबत नाहीत, हात मोजत नाहीत. सगळ्या शिष्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगतात, आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप देऊन टाकलं. देवाचं मार्गदर्शन तिथे आकाशवाणी होऊन आलं नाही, तक्रार होऊन आलं. आमच्याकडेही ते तसंच आलं होतं आणि आम्ही त्याला बहुमताने परत पाठवलं.

पंधराव्या अध्यायातली यरुशलेमची सभा हा तर मंडळीच्या निर्णयाचा मूळ नमुना. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांची सुंता करायची की नाही, असा जीवनमरणाचा वाद होता. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पुष्कळ वादविवाद होतो आणि तो कुणी थांबवत नाही. मग पेत्र उठतो. तो मत मांडत नाही, कर्नेल्य या यहुदी नसलेल्या माणसाच्या घरी देवाने काय केलं ते सांगतो. मग सगळा जमाव गप्प होतो आणि बर्णबा व पौल आपल्याला काय दिसलं ते सांगतात. सर्वांत शेवटी याकोब बोलतो आणि घडलेल्या गोष्टी आमोस संदेष्ट्याच्या शब्दांशी जुळवून दाखवतो. वाद, अनुभव, शांतता, शास्त्र, आणि मग निर्णय. निर्णयाच्या पत्रात त्यांनी आधी पवित्र आत्म्याचं नाव घातलं, नंतर स्वतःचं. ते पत्र नुसतं धाडलं नाही. यहूदा बर्सबा आणि सीला ही दोन माणसं ते घेऊन अंत्युखियाला गेली आणि तोंडी समजावून आली. आमच्या सभेनंतर त्या तीन बाकांवरच्या घरांना आम्ही कुणीही भेटायला गेलो नव्हतो.

मात्र एकमत झालं म्हणजे देव बोलला, असंही नाही. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सोन्याचं वासरू ओतलं तेव्हा लोकांत एकमतच होतं. अहाब राजापुढे चारशे संदेष्टे एका सुरात विजयाची हमी देत होते आणि एकटा मीखाया नाही म्हणाला. तोच खरा ठरला. म्हणून एकट्याच्या नकाराला मंडळीने जागा ठेवली पाहिजे. तो अडथळा असेल, पण मीखायाही असेल. हे पारखायचं कसं?

या पारखण्याचा एक फार बारकाईने लिहून ठेवलेला वृत्तांत १५३९ सालचा आहे. इग्नेशियस लोयोला आणि त्याचे मोजके सोबती रोममध्ये होते. त्यांतला एक फ्रान्सिस झेवियर, जो तीन वर्षांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्याला उतरला. पोप त्यांना निरनिराळ्या देशांत पाठवणार हे दिसत होतं. पहिला प्रश्न पडला: पांगलो तरी एकत्र राहायचं का? तो लवकर सुटला. दुसरा प्रश्न अडला: आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यायची का? दिवसामागून दिवस गेले तरी मार्ग दिसेना. महिनाभर एकांतात जावं, की तिघा-चौघांना सगळ्यांच्या वतीने पाठवावं, असंही सुचलं. शेवटी त्यांनी रोम सोडलं नाही. दिवसभराची कामं चालू ठेवली आणि स्वतःला तीन नियम लावून घेतले.

पहिला नियम: या विषयावर प्रत्येकाने प्रार्थनेत मनाची शांती शोधायची, आणि हुकूम करण्यापेक्षा हुकूम पाळण्याकडे मन जास्त झुकेल असा प्रयत्न करायचा. दुसरा: या विषयावर आपसांत बोलायचं नाही, म्हणजे कुणी कुणाला वळवणार नाही. तिसरा मला सर्वांत अवघड वाटतो: आपण या गटातले नाहीच, कधी येणारही नाही, अशी कल्पना करून मग विचार करायचा, म्हणजे स्वतःच्या सोयीचं वजन तराजूत पडणार नाही.

त्यानंतर एके दिवशी सगळ्यांनी फक्त विरोधातली कारणं सांगायची, प्रत्येकाने, ज्याला मनातून हवं आहे त्यानेसुद्धा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी फक्त बाजूची कारणं सांगायची. या रीतीत ‘माझं मत’ आणि ‘तुझं मत’ उरतच नाही. विरोध हा कुणा एकाचा राहत नाही, तो सगळ्यांच्या तोंडून निघतो, आणि म्हणून तो ऐकला जातो. मार्चमध्ये सुरू झालेला हा विचार २४ जूनला संपला, आणि एकही नकार उरला नाही. जेझुइट संघ उभा राहिला तो यातून. तीन महिने! आमच्या सभेला सव्वा तास लागला होता.

इग्नेशियसला ही पारख सापडली ती आजारपणात. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी सरदारकीची, पराक्रमाची स्वप्नं रंगवायचा, कधी संतांची चरित्रं वाचून तसं जगण्याचं मनात आणायचा. दोन्हींत त्याला आनंद व्हायचा. पण पहिला आनंद ओसरला की मन कोरडं पडायचं आणि दुसरा मागे टिकून राहायचा. कोणता विचार सुखद आहे यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो, हे तो पाहू लागला. पुढे त्याने सांगितलं की मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. मी हे आमच्या सभेला लावून पाहिलं. जिंकल्यानंतर आमच्या मनात काय उरलं होतं? त्या दिवशी सुटकेचा श्वास. दोन रविवारांनी, कोरडेपणा.

आता जवळचं बोलायला हवं, कारण या आमच्या प्रश्नाची मुळं रोममध्ये नाहीत, नागपुरात आहेत.

स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने १८७० च्या दशकात चांद्यात काम सुरू केलं. चांद्याचं चंद्रपूर नंतर झालं, आणि गडचिरोली जिल्हा त्यातून वेगळा निघाला तो १९८२ मध्ये. पाद्री वूड म्हणून ओळखले जाणारे अ‍ॅलेक्स वूड यांनी चांद्यात कितीतरी वर्षं घालवली. पुढे १९२६ मध्ये ते नागपूरचे बिशप झाले. चांद्याची मंडळी त्या अँग्लिकन वळणाची. दक्षिणेला सिरोंच्याकडे मात्र अमेरिकन मेथडिस्टांनी काम उभं केलं, आणि तिथली बोली तेलुगू. एकाच जंगलात दोन मिशनं, दोन भाषा, उपासनेच्या दोन रीती. हिंदुस्थानभर हेच चित्र होतं. दूर देशांत झालेल्या भांडणांच्या भिंती इथल्या गावांतून उभ्या होत्या. त्या पाडण्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. सहा परंपरा एकत्र आल्या: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल लोकांचं संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट.

एकेचाळीस वर्षं चाललेलं हे ऐकणं होतं. बाप्टिस्ट मोठेपणी, स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देतात. बाकीचे बहुतेक तान्ह्या मुलांनाही देतात. शतकानुशतकांचा हा वाद कुणी जिंकला नाही. दोन्ही रीतींना एकाच मंडळीत जागा दिली गेली. दुसरा पेच सेवकदीक्षेचा होता. बिशपने हात ठेवून दिलेली दीक्षा हीच खरी, असं काहींचं ठाम मत, तर आमची दीक्षा अपुरी होती असं आम्ही मुळीच कबूल करणार नाही, असं बाकीच्यांचं. तोडगा निघाला तो मला अतिशय प्रार्थनामय वाटतो. सगळ्या परंपरांच्या सेवकांवर सगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी हात ठेवायचे, आणि ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावं अशी विनंती करायची. कुणात काय कमी आहे हे माणसांनी लिहायचं नाही. जे आपल्याला ठरवता येत नाही ते देवाच्या हाती उघडपणे ठेवायचं, हाही मार्गदर्शन मागण्याचाच प्रकार आहे, आणि फार थोड्या सभांना तो जमतो.

तरी या कथेत एक ओरखडा राहिला. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट इतकी वर्षं बोलण्यांत होते आणि अगदी शेवटी, १९७० च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी माघार घेतली. त्यांचंही मंडळ प्रार्थनाच करत होतं. देवाने एकाला या म्हटलं आणि दुसऱ्याला नको, असं मानायला माझं मन तयार नाही. प्रामाणिकपणे विचारूनही माणसं वेगवेगळ्या उत्तरांपाशी पोचतात, एवढंच मी म्हणू शकतो. पण त्या ऑगस्टचं वळण आमच्या डाव्या बाकांपर्यंत आलं आहे. आमच्याकडे आलेली सिरोंच्याची घरं मूळ मेथडिस्ट. आमच्या आजोबांच्या पिढीने जो दरवाजा उघडा ठेवायचा प्रयत्न केला, तो आम्ही सव्वा तासात लोटून घेतला होता.

मराठी मंडळीच्या इतिहासात या बाबतीत एक दुखरी जागा आहे, ती नारायण वामन टिळकांची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी उपासनेला अभंग आणि कीर्तन दिलं. ज्या मंडळ्या भाषांतरित गाणी गात होत्या, त्या आपल्या मातीच्या चालीवर गाऊ लागल्या. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तभक्त एकत्र येतील अशी ती बंधुता. देवाने आपल्याला हे सांगितलं आहे, याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मला वाटतं, टिळकांनी ऐकलं ते खरं होतं. पण एकट्याने ऐकलेलं खरं सगळ्यांनी मिळून पारखावं, धरून ठेवावं, पुढे न्यावं, अशी बैठक तेव्हाच्या मंडळीजवळ नव्हती. शमुवेलाची गोष्ट आठवते. रात्री हाक ऐकू आली ती पोराला, पण ती कुणाची हे ओळखलं म्हाताऱ्या एलीने. ज्याला ऐकू आलं त्याला ओळखता आलं नाही, आणि ज्याला ओळखता आलं त्याला ऐकू येत नव्हतं. मंडळी म्हणजे त्या दोघांचं एका छपराखाली असणं.

कॅथलिक बंधूंनीही अलीकडे याच विषयाला हात घातला. आमच्या या जिल्ह्यांत सायरो-मलबार परंपरेचा चांदा धर्मप्रांत आहे. १९६२ मध्ये हे क्षेत्र सुरू झालं, १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांत झालं आणि त्याचं मुख्य ठाणं बल्लारपूर. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जगभरच्या धर्मप्रांतांना गावपातळीपासून एकमेकांचं ऐकायला सांगितलं. २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात रोमला जी सिनड बैठक झाली तिथे बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि साधे सभासद गोल टेबलांभोवती बसले. रीत तीन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचं नाही, तर दुसऱ्याचं कोणतं बोलणं मनाला भिडलं ते सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत आत्मा कुठे नेतो आहे ते मिळून शोधायचं. यातली दुसरी फेरी मला मोलाची वाटते. दुसऱ्याचं काय भिडलं हे सांगायचं म्हटल्यावर ऐकल्यावाचून सुटका नाही.

आणि हे सगळं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की असं बसणं आमच्या जंगलाला परकं नाहीच. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंडांचं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि गावकरी, आणि त्यांच्याबरोबर जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे जी रीत घडवली तिचं मर्म बहुमत नाही, सर्वसहमती आहे. एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचं. त्याशिवाय एक वेगळा अभ्यास गट असतो. त्यात हवी तेवढी चर्चा करायची, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, पण तिथे काहीही ठरवायचं नाही. ठरवायचं ते ग्रामसभेत. समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवल्यामुळे समजून घेताना कुणाला जिंकायची घाई नसते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव या बसण्यावर उभं आहे.

ग्रामसभा देवाची इच्छा शोधत नाही, गावाचं हित शोधते. हा फरक मी पुसत नाही. पण आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर, मोहाच्या झाडाखाली, माणसं एका नकारासाठी थांबू शकतात, आणि एक शरीर म्हणवणारी आम्ही मंडळी थांबू शकत नाही, हे मला लागलं. फार लागलं.

पाळकांशी बोललो. त्यांनी मन मोठं केलं आणि विषय पुन्हा घ्यायचं ठरलं. आधी आम्ही तिघे त्या घरांत गेलो, बसलो, माफी मागितली. मग महिनाभर बुधवारच्या प्रार्थनेत या एकाच गोष्टीसाठी प्रार्थना झाली, आणि बाहेर त्यावर बोलायचं नाही असं सगळ्यांनी कबूल केलं. पहिल्या रविवारी उपासनेनंतर दऱ्या घातल्या, गोल बसलो आणि प्रत्येकाने तेलुगू उपासना का नको याचं एक तरी कारण सांगितलं. सिरोंच्याच्या घरांनीही. त्यांच्यातला एक तरुण म्हणाला, “आमची पोरं मराठी शाळेत जातात. त्यांना तेलुगू वाचताच येत नाही, मग उपासना कुणासाठी?” हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने का हवी याचं कारण सांगितलं. मागच्या सभेत ज्यांचा आवाज सर्वांत चढला होता ते आमचे एक काका बराच वेळ घुटमळले आणि मग म्हणाले, “माझी सून बंगाली आहे. ती आठ वर्षं आपल्यात बसते. तिला आपण कधी काही विचारलं नाही.”

फेरी संपत आली. पाळकांनी शेवटच्या प्रार्थनेसाठी हात उचलला तेव्हा खजिनदार म्हणाले, “थांबा, आजी अजून बोलल्या नाहीत.”

दाराशी, चपलांच्या जवळ, भिंतीला टेकून बसलेल्या त्या आजी. इतकी वर्षं त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. पदर सावरत त्या म्हणाल्या, “मले मराठी समजते जी. सगळं समजते. पण माझा मालक गेला तवा रातभर मी प्रार्थना केली, ते तेलुगूतच आली. मराठीत मले रडता येत नाही.”

कुणी हललं नाही. मग दोन-तीन जण एकदम बोलू लागले: करून टाकू, पुढच्याच महिन्यापासून, आता विचार कशाला. आजींनी हात वर केला. “आगंडी,” त्या म्हणाल्या. तेलुगूत म्हणजे ‘थांबा’. “आज नका ठरवू. ज्याहीले नको आहे त्याहीले घरी जाऊन इचार करू द्या. माझ्यासाठी कोणी मन मारून बसाची उपासना मले नाही पायजे.”

ज्यांना हवं होतं त्यांनीच थांबायला सांगितलं. ती शांतता मला शब्दांत धरता येत नाही. पण त्या दिवशी आम्ही देवाला विचारत होतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढची बैठक महाशिवरात्रीच्या आठवड्यात यायची होती. त्या दिवसांत एसटीच्या गाड्या मार्कंड्याच्या यात्रेला लागतात आणि लांबच्या घरांना येता येत नाही, म्हणून ती पुढे गेली आहे. इतिवृत्ताच्या वहीत नोंद एका ओळीची आहे: विषय खुला. दरम्यान बुधवारच्या प्रार्थनेआधी आमचा ढोलकी वाजवणारा मुलगा आजींच्या शेजारी जाऊन बसतो. त्या एक तेलुगू गीत ओळीओळीने सांगतात आणि तो ते देवनागरीत उतरवून घेतो. परवा त्याने वाचून दाखवलं तेव्हा एका शब्दापाशी आजींनी मान हलवली. त्याने तो खोडला, त्यांनी पुन्हा सांगितला, त्याने पुन्हा लिहिला. आजींनी पुन्हा मान हलवली, आणि त्याने वहीचं नवं पान काढलं.